१८ हजारांत गेमिंग मॉनिटर, तोही सोलापुरात: खोक्यावरचं किती खरं धरायचं?

शेंगाचटणी१३

मंडळी, जुना ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर काढून गेमिंगचा घ्यायचाय. बजेट १५ हजार, ताणून १८. पीसी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. रोज व्हॅलोरंट आणि सीएस २ हे वेगवान नेमबाजीचे गेम, आणि रात्री दिवा बंद करून स्टोरीवाले गेम. खोली जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. एप्रिल-मेमध्ये तिथं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

तीन मॉनिटर डोक्यात आहेत. पहिला २४ इंची, आयपीएस (पॅनेलचा एक प्रकार), १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल), १८० हर्ट्झ. दुसरा २७ इंची, कर्व्ह, व्हीए (पॅनेलचा दुसरा प्रकार), १०८०पी, १८० हर्ट्झ. तिसरा २७ इंची, आयपीएस, १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल), १८० हर्ट्झ, पण ब्रँड फारसा माहितीतला नाही आणि तो फक्त ऑनलाइन मिळतोय.

तिन्ही खोक्यांवर "१ एमएस", तिन्हींवर "एचडीआर", तिन्हींवर "फ्रीसिंक". मग फरक कुठं? नवी पेठेत विचारलं तर दुकानदार म्हणतात दुसरा घ्या, मोठा आहे, कर्व्ह आहे. मला दोनच गोष्टी हव्यात: दर्जा कशावरून ओळखायचा, आणि तीन-चार वर्षं टिकेल का हे आधी कसं ताडायचं?

पॅनेलवाला

मालक, खोक्यावर जे मोठ्या अक्षरात असतं ते सगळं आधी बाजूला ठेवा. एकेक करून सांगतो.

"१ एमएस" म्हणजे दोनपैकी काहीही असू शकतं. एक जीटीजी, म्हणजे पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ. कंपनी यातलं सगळ्यात वेगवान संक्रमण निवडून, ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोर देऊन लवकर बदलायला लावणारी सेटिंग) शेवटच्या पायरीवर ठेवून तो आकडा छापते. दुसरा एमपीआरटी. तो बॅकलाइट (पॅनेलमागचा दिवा) झपाझप चालू-बंद करून मिळवलेला असतो. तो मोड लावला की उजेड बराच पडतो आणि बहुतेक मॉनिटरवर फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारं तंत्र) बंद होतं. म्हणजे तो १ एमएस रोजच्या वापरात नाहीच.

गणित करून बघा. १८० हर्ट्झला एक फ्रेम ५.५६ मिलिसेकंद पडद्यावर असते, १४४ ला ६.९४, तुमच्या आताच्या ६० ला १६.६७. पिक्सेलने आपला रंग या वेळेत बदलून संपवला तर १८० हर्ट्झचे पैसे वसूल. नाही संपवला तर मागच्या फ्रेमची सावली पुढच्या फ्रेमवर पडते, त्यालाच घोस्टिंग म्हणतात. रिव्ह्यूमध्ये "सरासरी रिस्पॉन्स टाइम" आणि "ओव्हरशूट" (पिक्सेल हव्या छटेच्या पलीकडे जाणं) हे दोन आकडे एकत्र बघा. आरटिंग्ज किंवा हार्डवेअर अनबॉक्स्डसारखे रिव्ह्यूवाले सगळ्या छटांचा तक्ता देतात, त्यात काळ्याकडून गडद करड्याकडे जाणारा कोपरा आधी वाचा. स्वस्त व्हीए पॅनेल तिथंच उघडं पडतं. बाकी सगळीकडे ५-६ मिलिसेकंद आणि त्या कोपऱ्यात २०-३०. व्हॅलोरंटमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यावरून झर्रकन नजर फिरवली की शाई फासल्यासारखा काळा ओरखडा दिसतो, तो हाच.

आता दुसरा पर्याय का नको ते. २७ इंचावर १०८०पी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. २४ इंचावर तेच ९२ च्या आसपास येतात, आणि २७ इंचावर १४४०पी घेतलं तर १०९. हातभर अंतरावर बसणाऱ्याला ८२ वर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. गेमात एक वेळ चालेल, पण ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडलं की खटकेल. कर्व्हचं म्हणाल तर १५००आर म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येचा बाक. ३४ इंची रुंद पडद्यावर त्याला अर्थ आहे, २७ वर तो बहुतांशी शोभेचा.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा आवाका दाखवणं: "एचडीआर१० सपोर्ट" याचा अर्थ एवढाच की मॉनिटर तो सिग्नल नाकारत नाही. "डिस्प्ले एचडीआर ४००" हे व्हेसा या डिस्प्ले-मानकांच्या संस्थेचं प्रमाणपत्र खरं आहे, पण त्याला लोकल डिमिंगची (पडद्याच्या एकेका भागातला बॅकलाइट वेगळा मंद करण्याची) अट नाही. लोकल डिमिंग नाही म्हणजे तेजस्वी भाग उजळला की काळाही सोबत उजळतो. या बजेटात एचडीआर हा शब्द खोक्यावर नाहीच असं समजून निवड करा. विंडोजमध्येही बंदच ठेवा.

रंगांसाठी "१६.७ दशलक्ष रंग" या ओळीचा उपयोग शून्य, कारण ६ बिट अधिक एफआरसीवालेही (कमी छटा आलटूनपालटून दाखवून जास्त भासवणारे) तेच छापतात. "९९ टक्के एसआरजीबी" (गेम आणि वेबचा नेहमीचा रंगांचा आवाका) लिहिलंय का बघा. काही ठिकाणी एनटीएससी (टीव्हीचं जुनं रंगमाप) लिहितात. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, आणि ४५ टक्के दिसलं तर तो ऑफिसचा फिका पॅनेल आहे, गेमिंगचं स्टिकर लावलेला. उजेड ३०० निटच्या (निट हे उजेडाचं माप) खाली नको. दुपारी खिडकी उघडी असेल तर २५० कमी पडतात.

आणि मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा. एकाच नावाखाली शेवटचं एक अक्षर बदलून वेगळं पॅनेल किंवा वेगळा स्टँड देणं हा या धंद्यातला जुना खेळ आहे. परदेशी रिव्ह्यू एकाचा आणि तुमच्या हातात दुसराच, असं सर्रास होतं.

टॉवेलगेमर

पॅनेलवाल्यांचं २७ इंची १०८०पीबद्दलचं मत मान्य. पण व्हीएला सरसकट झोडपू नका. प्रश्नकर्ता रात्री दिवा बंद करून स्टोरी गेम खेळतो म्हणतोय. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्या उजेडाचं प्रमाण) १०००:१ च्या आसपास, व्हीएचा ३०००:१ च्या. अंधाऱ्या खोलीत आयपीएसवर काळा म्हणजे राखाडी दिसतो, आणि कोपऱ्यात ग्लो (तिरकस बघताना दिसणारा फिका उजेड) असतो तो वेगळाच. हॉरर गेम खेळणाऱ्याला व्हीएच जास्त आवडेल.

फक्त व्हीए घेताना एक तपासा: फ्रीसिंक चालू असताना एफपीएस (गेमच्या सेकंदाला फ्रेम) वरखाली झाले की गडद दृश्यात पडदा लुकलुकतो का. फ्रीसिंकची रेंज समजा ४८ ते १८० आहे. एफपीएस ४८ च्या खाली गेले की मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायला लागतो. एफपीएस त्या सीमेवर आत-बाहेर करत असेल तर व्हीएवर उजेड थरथरतो. लोडिंग स्क्रीनवर हे सगळ्यात आधी कळतं. कंपनीकडे नेलात तर "हे नॉर्मल आहे" म्हणतील, म्हणून परतीच्या मुदतीतच बघायचं.

पॅनेलवाला

@टॉवेलगेमर, अंधाऱ्या खोलीचा मुद्दा बरोबर. पण रोजचा गेम व्हॅलोरंट आणि सीएस २ आहे आणि स्टोरी गेम मधूनमधून, म्हणून मी वेगाच्या बाजूने झुकलो. आयपीएसच्या मागच्या भिंतीवर मंद पिवळा दिवा लावला की काळा बराच काळा वाटतो. शंभर-दोनशेचं काम आहे.

ओहमकाका

टिकाऊपणाचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. मॉनिटर मरतो तो सहसा चार कारणांनी: पॉवर सप्लाय, बॅकलाइट, पॅनेलच्या कडेची जोडणी आणि पोर्ट. रिफ्रेश रेटचा यात काहीही संबंध नाही.

पहिलं उष्णता. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे बाहेर ४२-४३ असताना स्लॅबखालच्या बंद खोलीत संध्याकाळी काय असेल ते मोजून बघा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. बॅकलाइटचे एलईडीही गरम राहिले की लवकर मंदावतात आणि पिवळे पडतात. उपाय महाग नाहीत. मॉनिटर पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा, ब्राइटनेस १०० वर ठेवून बसू नका. रात्री ३०-४० टक्के पुष्कळ झाले. कूलर असेल तर त्याच्या थेट झोतात मॉनिटर नको, दमट हवा आणि कडक पाण्याचे तुषार दोन्ही आत जातात.

दुसरं, अडॅप्टर बाहेर आहे की पॉवर सप्लाय आत, हे विचारा. मी बाहेरच्या अडॅप्टरच्या बाजूने. तो उडाला तर नवा आणता येतो: व्होल्ट तंतोतंत तेच (१२ किंवा १९, जे लेबलवर असेल ते), अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिनचा आकार आणि मधल्या पिनचं अधिक-उणं जुळलेलं. १२ च्या जागी १९ व्होल्टचा लावला तर आतला बोर्ड गेलाच म्हणून समजा. आतला सप्लाय उडाला की अख्खा मॉनिटर सर्व्हिस सेंटरला जातो. शिवाय अडॅप्टरची उष्णता पॅनेलच्या मागे साठत नाही.

तिसरं, आणि इथं लोक चुकीच्या जागी पैसे घालतात. स्टॅबिलायझर घेऊ नका. मॉनिटरचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, व्होल्टेज १८० वर आलं तरी त्याला फरक पडत नाही. मारतो तो झटका, म्हणजे लाइट गेल्यावर परत येतानाचा. लाइट गेली की बोर्डाचं बटण बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटांनी चालू करा. चांगलं सर्ज प्रोटेक्टर लावा, पण त्यातला एमओव्ही (झटका झेलणारा भाग) जादा व्होल्टेज अर्थकडेही वळवतो. अर्थिंगच नसेल तर त्याची निम्मी कामगिरी गेली, मग ती बरीचशी महागडी एक्स्टेन्शनच.

म्हणून आधी अर्थिंग. वायरमनकडून मीटर लावून घ्या: फेज-अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ १०-१५ दाखवत असेल किंवा फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर आधी ते नीट करा, मॉनिटर नंतर. पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग अर्थ नाहीच. अशा वेळी पीसीच्या धातूवर साधारण ११० व्होल्ट तरंगत असतात. करंट अगदी थोडा, पण चालू मशीनला एचडीएमआय केबल खुपसताना तोच पोर्टातून वाट काढतो आणि पोर्टची चिप जळते. ग्राफिक्स कार्डाचा पोर्ट जातो, मॉनिटरचा जातो, कधी दोन्ही. सर्व्हिस सेंटरवाले याला "इलेक्ट्रिकल डॅमेज" म्हणून वॉरंटी नाकारतात. केबल लावताना-काढताना दोन्ही प्लग बोर्डातून काढलेले, हा नियम पाळा.

पूर्व भागात कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक: यंत्रमागांचा तंतू हवेत असतो, तो मॉनिटरच्या वरच्या जाळीत अडकून गादी करतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा. पडदा पुसायला मायक्रोफायबर आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, तेही कापडावर दोन थेंब, पडद्यावर नाही. नळाच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, आणि काच पुसायच्या निळ्या स्प्रेने मॅट थर उतरतो.

शेंगाचटणी१३

ओहमकाका, कॅबिनेटला झिणझिण्या येतात. 😐 आधी वायरमन. बाकी सगळ्यांचे आभार.

आता पुढचा प्रश्न: दुकानातून की ऑनलाइन? तिसरा मॉनिटर मनात भरलाय, पण तो ऑनलाइनच आहे. आणि आल्यावर तपासायचा कसा, क्रमाने सांगा.

सातरस्ता_सर्व्हिस

दुकान की ऑनलाइन यापेक्षा बिघडल्यावर कुठं न्यायचा, हे आधी विचारा. कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड टाका. तीन उत्तरं येतात: ऑनसाइट (माणूस घरी येतो), कॅरी-इन सोलापूर, किंवा कॅरी-इन पुणे. तिसरं असेल तर मॉनिटर मूळ खोक्यात घालून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे, आणि रात्री परत. एकदा द्यायला, एकदा आणायला. ते परवडतं का याचा विचार आत्ताच करा. २७ इंची खोकं घेऊन चेअरकारमध्ये बसणं सोपं नाही. काहीच उत्तर आलं नाही, नुसता एक ईमेल आयडी मिळाला, तर तो ब्रँड कितीही स्वस्त असो, सोडा.

वॉरंटी "३ वर्षं" असेल तर पॅनेल, बॅकलाइट आणि अडॅप्टर तिन्हींना तीन का, हे वाचा. काही ठिकाणी अडॅप्टरला एकच वर्ष असतं. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, दुकानातून घेतला तर हट्टाने. पाचशे-हजार वाचवायला जीएसटीचं पक्कं बिल सोडणाऱ्यांना पुढं वॉरंटीच मिळत नाही. मागच्या लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक असतो, आर अक्षरानंतर आठ आकडे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कुठल्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांकच नसेल तर तो चोरवाटेने आलेला माल. लेबलवर उत्पादनाचा महिना-वर्षही असतो. दोन वर्षं गोदामात पडलेला पीस नव्याच्या भावात घेऊ नका.

ऑनलाइन पानावर "रिटर्न" आणि "रिप्लेसमेंट" हे दोन वेगळे शब्द आहेत. अनेकदा फक्त सात दिवसांत रिप्लेसमेंट असते, पैसे परत नाहीत. आणि काही वेळा ती मंजूर करायला कंपनीचा माणूस आधी येऊन बघतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी तपासणी.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या. टेप शाबूत, सिरीयल नंबर वाचता येईल असा, मग उघडणं, मग चालू पडदा, मध्ये कट नाही. पॅनेलवर अंगठा दाबून उचलू नका, कडेने आणि मागून धरा. दाबाने फुटलेल्या पॅनेलला वॉरंटी नाही, आणि तज्ज्ञाला ते लगेच ओळखू येतं, कारण भेगा एका बिंदूतून पसरतात. खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

चालू केल्यावर अर्धा तास तापू द्या, मग तपासा. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर. काळ्यावर पेटलेला ठिपका म्हणजे अडकलेला पिक्सेल, पांढऱ्यावर काळा म्हणजे मेलेला. आधी कापडाने पुसून बघा, धूळ असते पुष्कळदा. इथं एक लक्षात घ्या: सदोष पिक्सेलच्या आयएसओ मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे २ पेटलेले, २ काळे आणि ५ सदोष सब-पिक्सेल (पिक्सेलमधला लाल, हिरवा किंवा निळा भाग) चालतात. १०८०पीमध्येच वीस लाखांवर पिक्सेल आहेत, १४४०पीमध्ये सदतीस लाख. म्हणजे मधोमध एक ठिपका असला तरी वॉरंटीत "मर्यादेत आहे" म्हणून परत पाठवतील. रिप्लेसमेंटच्या मुदतीत मात्र एका ठिपक्यावरही बदलून मागता येतो.

मग करड्या रंगाचा पडदा, आधी मध्यम, मग अगदी गडद. उभे पट्टे, मळके डाग किंवा एखादी बारीक उभी रेघ दिसते का बघा. रेघ दिसली तर "थोड्या वेळाने जाईल" असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. ती पॅनेलच्या कडेच्या जोडणीतली असते, वाढत जाते. वॉरंटीबाहेर पॅनेल बदलायचा खर्च नव्या मॉनिटरच्या जवळ जातो.

पीडब्ल्यूएम, म्हणजे बॅकलाइट झपाझप चालू-बंद करून उजेड कमी करणं. ते असं तपासा: ब्राइटनेस २० टक्के, फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/२००० च्या आसपास, पांढरा पडदा. स्क्रीनवर सरकणारे काळे पट्टे दिसले तर बॅकलाइट लुकलुकतोय. काहींचं डोकं दुखतं त्याने, काहींना कळतही नाही.

पॅनेलवाला

वरच्यात भर. टेस्टयूएफओ या वेबसाइटवर फ्रेम स्किपिंगची (फ्रेम गाळल्या जातात का याची) चाचणी करा. फोनचं शटर १/१० सेकंद ठेवून फोटो काढायचा. उजळलेले चौकोन सलग असले पाहिजेत, १८० हर्ट्झला अठराच्या आसपास. मध्ये रिकामे चौकोन असतील तर मॉनिटर १८० स्वीकारतोय पण सगळ्या फ्रेम दाखवत नाही. ओव्हरक्लॉक करून आकडा फुगवलेल्या मॉनिटरवर हे सापडतं.

केबलचं: तिसऱ्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट १.४ च वापरा. एचडीएमआय २.० वर १४४०पीला १४४ हर्ट्झपर्यंतच नीट जाता येतं. खोक्यात नुसती एचडीएमआय आली तर डीपी केबल वेगळी घ्या, दोन मीटरच्या आतली, व्हेसा प्रमाणित. भलत्याच स्वस्त डीपी केबलमध्ये २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. त्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, ते मॉनिटरमधून ग्राफिक्स कार्डात उलटे शिरतात. मग पीसी बंद केला तरी आतला दिवा मंद पेटलेला राहतो किंवा पीसी सुरूच होत नाही, आणि माणूस मदरबोर्ड बदलत बसतो.

लावल्यावर विंडोजमध्ये डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १८० निवडा. आपोआप ६० वरच राहतं, महिनोन्महिने ६० वर खेळणारे लोक आहेत. रंग धुतल्यासारखे दिसले तर एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल फॉरमॅट फुल आरजीबी आहे का बघा. एचडीएमआयवर कधीकधी ते लिमिटेड होतं. फ्रीसिंक मॉनिटरच्या मेनूत आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे चालू. गेममध्ये एफपीएसची मर्यादा १७५ ठेवा, रेंजच्या आत राहतं. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर. शेवटच्या पायरीवर हलत्या वस्तूमागे पांढरट कड दिसते, ते ओव्हरशूट. एफपीएस खाली आले की आणखी वाढतं.

निवडीचं: आरएक्स ६६०० खरं १०८०पीचं कार्ड आहे. १४४०पीला पिक्सेल ७८ टक्के जास्त. व्हॅलोरंट आणि सीएस २ आरामात चालतील, जड स्टोरी गेमला एफएसआर (कमी पिक्सेलमध्ये काढून मोठं करणारी सेटिंग) लावावं लागेल. सातरस्ता म्हणतात ती पिनकोडची परीक्षा तिसरा पास झाला तर तिसरा, नाहीतर डोळे मिटून पहिला.

शेंगाचटणी१३

पिनकोड टाकला, ऑनसाइट दाखवतंय, तीन वर्षं, अडॅप्टरसकट. अर्थिंग करून घेतलं. मॉनिटर काल आला. पिक्सेल ठीक, फ्रेम स्किपिंग ठीक. पण काळ्या पडद्यावर खाली उजवीकडच्या कोपऱ्यात पिवळसर उजेड आहे. फोटोत तर भयानक दिसतोय. हा आयपीएस ग्लो की ब्लीड? ठेवू की बदलू?

पॅनेलवाला

फोटोवर जाऊ नका, फोन अंधारात एक्स्पोजर वाढवतो. ब्राइटनेस ४० वर आणा, खोली अंधारी करा, मीटरभर मागे सरका आणि डोकं हळूहळू उजवीकडे न्या, त्या कोपऱ्याच्या समोर येईपर्यंत. समोर आल्यावर उजेड विरला तर ग्लो. तो प्रत्येक आयपीएसला असतो, बदलून आलेल्यालाही असेल. डोकं कुठंही नेलं तरी डाग तिथंच आणि तेवढाच राहिला, कडेपासून आत आलेला, तर ब्लीड.

शेंगाचटणी१३

हलत नाही. कडेपासून दोनेक इंच आत आलाय, आणि गेममध्ये रात्रीच्या दृश्यातही दिसतोय.

सातरस्ता_सर्व्हिस

मग ब्लीड, आणि गेममध्ये दिसतंय म्हणजे बदलायलाच हवा. इंटरनेटवर "कड दाबून चोळा, स्क्रू सैल करा" असे उपाय सापडतील. काही करू नका, सील तुटलं की वॉरंटी गेली. आजच रिप्लेसमेंट टाका. कारणात "कोपरा" लिहू नका, "बॅकलाइट ब्लीड, ४० टक्के ब्राइटनेसवर वापरताना दिसते" असं लिहा आणि दोन फोटो जोडा: एक समोरून, एक तिरका, दोन्हींत डाग त्याच जागी दिसेल असे. एक्स्पोजर हाताने कमी करून काढा, नाहीतर फोटोवरूनच ग्लो म्हणून नाकारतील. तक्रार क्रमांक आणि तारखेचा स्क्रीनशॉट ठेवा. टाळाटाळ करून मुदत घालवायला लागले तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन करताना बिल आणि तो क्रमांक समोर ठेवा, तेच आधी विचारतात.